सिकेटरवाले बब्रुवानकाका

कळंबला एका लग्नात मंगलाष्टकं चालू होती आणि आमचे शेजारी बब्रुवानकाका कार्यालयाच्या दारातली कण्हेर छाटत होते. डाव्या मुठीत अक्षता, उजव्या हातात सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री. 'सावधान' झालं की अक्षता फेकायच्या, मधल्या वेळात कच्च् कच्च्. नवरा-नवरी जेवायला बसेपर्यंत कण्हेरीचं मुंडण उरकलं होतं.

काका म्हणजे रिटायर कंपाउंडर. आयुष्यभर लोकांना सुया टोचल्या. आता माणसं तावडीत सापडत न्हाईत, म्हणून झाडं धरलीत. फांदी कापायच्या आधी झाडाला विचारतात, "दुखतंय का? न्हाय ना? मग गप!" की कच्च्! वर जखमेला मोरचूद-चुन्याचा निळा लेप. आमच्या गल्लीतली झाडं जत्रेत मारामारी करून आल्यासारखी दिसतात.

आणि ज्ञान तर विचारूच नका. रस्त्यात "काका, बरंय का?" म्हणलं की तुमची दुपार गेली.

"गुलाब पाऊस सरला की. मोगरा थंडीत. सीताफळ पानं गळाली की. आंबा? फळं उतरली की लगेच, ते बी वाळलेलं तेवढंच. लिंबाला उगं छेडू नको, लई मानी असतंय ते."

आमच्या पप्पांनी एकदा ऐन मोहोराच्या तोंडावर आंब्याची फांदी तोडली. काका महिनाभर पप्पांशी बोलले न्हाईत. आंब्याशी मात्र रोज भिंतीवरून बोलायचे, "कुणाच्या घरी पडलास रे लेका!"

आता ह्याच माणसाच्या दारातला पेरू बघा. त्याची एक फांदी वाकडीतिकडी, दाराला आडवी, आणि तिला दोरीनं भलामोठा दगड टांगलेला. दूधवाल्याच्या कपाळाला टेंगूळ, पाहुण्यांच्या कपाळाला टेंगूळ. कुणी बोललं की काका गुरकावणार, "तिची ट्रीटमेंट चालू हाय. हात लावायचा न्हाय."

ह्या वैशाखात मीच धडकलो. आईनं काकींसाठी दिलेली आमटी सगळी माझ्या नव्या शर्टावर. काका बाजारात गेलेले. मी म्हणलं, आज डॉक्टर आपण. घरून करवत आणली, काकांच्याच घोगऱ्या आवाजात "दुखतंय का?" विचारलं, आणि घासायला सुरुवात केली.

आतून "अं... अं..." आवाज आला. दोन वर्षांपूर्वी काकींच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. त्यांची खाट दाराशेजारच्या खिडकीलाच लावलेली. मला वाटलं, पाणी पाहिजे असंल.

तेवढ्यात फाटकात काका. पिशवी टाकली, कांदे गल्लीभर पळाले, आणि ह्या माणसानं चालती करवत उघड्या हातानं धरली.

"आरं, मला काप! तिला ठेव!"

मी करवत सोडली. काका पायरीवर बसले, धापा टाकत.

"पेरू झाडावरनं स्वतः तोडायची सवय हाय रे तुझ्या काकीला. कापून फोड दिली की तोंड फिरवती. दोन वर्षं झाली, ही फांदी खिडकीकडं वाकवायलोय. हिसका दिला तर मोडती, म्हणून दगड. बाकीच्या फांद्या छाटून सगळा जोर हिला दिलाय. यंदा वीतभर राहिली बघ."

करवतीचा घाव सालीपुरताच गेला होता. काकांनी त्याला लेप लावला. स्वतःच्या तळहाताला नुसता रुमाल गुंडाळला. मी दगडाची दोरी धरली आणि फांदी हळूहळू खिडकीकडं ओढायला लागलो.

"हळू... अजून... बास, बास."

खिडकीच्या गजांतून काकींचा डावा हात बाहेर आला. बोटं लांबवली, आणि शेंड्याचं एक पान हाताला लागलं. फळ अजून बोराएवढंच होतं, पण काकींनी पान धरलं ते सोडंनातच.

माझे दंड भरून आले. वर उन्हाचा नुसता जाळ. काकांनी पण शेजारी येऊन दोरी धरली. मी त्यांच्याकडं बघितलं, तर ते खिडकीकडं बघत होते. आता सोडा असं काकींना म्हणायला आमच्यापैकी एकाचीही जीभ उचलंना.