जोर, बैठका आणि रांगोळी

आमच्या शहापूरच्या गल्लीत सत्यनारायणाच्या प्रसादाला रांग लागली की सुमनआक्कांच्या मागं उभं राहायला कुणी धजायचं नाही. रांग जरा थांबली की आक्का पदर खोचायच्या आणि तिथंच बैठका काढायला लागायच्या. एकदा आमच्याकडं आलेल्या पुण्याच्या पाहुण्यांना वाटलं, बाईंना चक्कर येतेय. त्यांनी धावत जाऊन खुर्ची आणली. आक्कांनी त्याच खुर्चीला धरून आणखी चार-दोन काढल्या आणि मग शांतपणे तीर्थाला हात पुढं केला.

वय साठीच्या पुढं, अंगानं काटक, आवाज खणखणीत. आमच्याकडच्या बायकांसारखं ‘मी जातो, मी येतो’ असं बोलायच्या. आता त्या थोरल्या मुलीकडं निपाणीला असतात. फोन केला की तब्येत विचारायच्या आधी विचारतात, “चालताय न्हवं, मास्तर?”

मी हो म्हणतो. सकाळी गल्ली ओलांडताना त्यांच्या दारापुढची कोरी फरशी दिसते आणि पाय जरा रेंगाळतात.

कारण त्या फरशीवरची रांगोळी बघायला माणसं वाट वाकडी करून यायची. तिच्यात मोर आणि कमळ कधी नसायचं. डबक्यातून उठणारी म्हैस असायची. भावाच्या सायकलवर अर्ध्या पेडलनं जाणारी पोरगी असायची. हातमागावर बसल्या बसल्या पेंगणारा आमचाच शेजारी एकदा असा हुबेहूब उतरला होता की त्याची बायको दिवसभर हसत होती. हे सुचतं कसं, असं विचारलं की आक्का म्हणायच्या, “डोस्क्यात काय नसतंय ओ. पायात असतंय. पाय हलले की वर चढतंय.”

हा सिद्धांत त्यांनी माझ्यावर वापरला. मी हायस्कुलात मराठी शिकवतो आणि गल्लीच्या गणपतीत दरवर्षी नाटक बसवतो. एका वर्षी दुसऱ्या अंकात माझा नायक सासऱ्यासमोर उभा राहिला, तो उभाच. आठवडा गेला तरी त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. आक्का मिरच्या मागायला आल्या, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “त्यो उभा हाय आन् तुम्ही बसलाय. मग त्यो बोलंल कसा?”

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी मला दारातून ओढून येळ्ळूरच्या रस्त्याला लावलं. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाशी त्या मराठीत सुरू करून कानडीत संपवायच्या आणि तेवढ्या वेळात मी धाप टाकून घ्यायचो. शेतं लागली की मात्र त्या बोलायचं बंद करायच्या. नुसत्या बघत चालायच्या. त्या शांततेत तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझा नायक आपोआप बोलायला लागला, आणि सासऱ्याला असं काही बोलला की मला रस्त्यातच हसू आलं. आक्कांनी वळूनही बघितलं नाही. “चढलं वाटतं,” एवढंच म्हणाल्या.

मग ते फिरणं सुरूच राहिलं. एका सकाळी मात्र आक्का मला बोलवायला आल्या नाहीत. काळजी वाटून मी त्यांच्या घरी गेलो. दार उघडं होतं. हाक मारली तर मागच्या खोलीतून “आत या” असा आवाज आला. त्या खोलीत मी आजवर कधी गेलो नव्हतो. आत लोखंडी खाट होती, तिच्यावर धुतलेली चादर नीट घातलेली. शेजारी जमिनीवर आक्का रांगोळी काढत बसल्या होत्या. पाय मुरगळला होता, म्हणून आल्या नव्हत्या.

खाट अण्णांची, म्हणजे त्यांच्या यजमानांची. मी गल्लीत राहायला येण्याआधीच ते गेले होते. त्या दिवशी आक्कांनी पहिल्यांदाच सांगितलं. अण्णांना लकवा झाला, एक बाजू गेली, वाचाही गेली. त्यांना उचलायचं, कूस बदलायची, बसवायचं, आणि आक्कांची तर कंबरच धरलेली. म्हणून त्यांनी तालमीतल्या वस्तादांना घरी बोलावून जोर-बैठका शिकून घेतल्या. अण्णा कुशीवर पडले की त्यांना समोर फक्त जमीन दिसायची. मग आक्का त्या जमिनीवर रांगोळी काढायला लागल्या. आधी मोर काढले, कमळं काढली. दोन दिवस अण्णांनी बघितलं आणि मग डोळे मिटून घेतले.

“म्हटलं, ह्येंला भाईरचं कायतरी दावाय पायजे,” आक्का म्हणाल्या. मग मोलकरीण आली की तिला बसवून त्या चालायला जायच्या आणि रस्त्यात दिसलेलं आणून खाटेशेजारी काढायच्या. म्हशीच्या रांगोळीला अण्णा तोंडाच्या एका बाजूनं हसले होते. दारातली रांगोळी, मग मला कळलं, खाटेशेजारच्या या रांगोळीची नक्कल असायची.

मी खाली बघितलं. येळ्ळूरच्या रस्त्यावरल्या मोरीच्या कठड्यावर एक जाडा माणूस बसला होता. चष्मा कपाळावर, तोंड उघडं, एक बूट हातात. तो मीच होतो.

“आक्का, एवढं पोट आहे होय माझं?”

त्यांनी चिमटीतली रांगोळी सोडत खाटेकडं बघितलं. “ह्येंला सांगत होतो,” त्या म्हणाल्या, “आता एकटी जात न्हाय मी. मास्तर असतात संगं.”

आणि त्यांनी माझ्या दुसऱ्या बुटात काळा रंग भरायला घेतला.