सेंटर फॉरवर्डचा करार

मी दमलेला माणूस आहे. थोडासा जन्मतःच होतो, पण सत्तावन्न सालच्या पावसाळ्यानं पुरता झालो. त्याला कारण हॉकी. मी हॉकी खेळत नाही. (एकदा स्टिक हातात घेतली होती. ती उलटी धरलीय, हे मला समोरच्या गोलकीपरनं सांगितलं.) मी पिंपरीच्या एका कारखान्यात क्लार्क होतो आणि कंपनीच्या हॉकी टीमचा सेक्रेटरी. हे दुसरं पद मला मी गैरहजर असलेल्या मीटिंगमध्ये मिळालं.

पावसाळ्यात आमच्या मैदानावर घोटाभर चिखल असायचा. खेळ बंद, म्हणजे सेक्रेटरीलाही सुट्टी. मी ती घेतलीही असती. पण कॅनडाहून बॉयलर बसवायला आलेले फ्रेझरसाहेब आपल्या गावचं वर्तमानपत्र माझ्या टेबलावर टाकून गेले. बोटीनं आलेलं, दोन महिन्यांचं शिळं. त्यात पानभर हॉकी, आणि तीही बर्फावरची. तिकडचे खेळाडू बुटांना पोलादी पाती लावून बर्फावर घसरत खेळतात म्हणे. उन्हाळ्यात त्यांचाही खेळ बंद, पण बातम्या चालू. कुणी कुणाशी दोन वर्षांचा करार केला, कुठला गोलकीपर सही न करता रुसून घरी बसलाय, आणि या सगळ्यावर वाचकांची पत्रं. एका म्हाताऱ्यानं तर लिहिलं होतं, की तुम्ही त्या अमक्याला जाऊ दिलंत, तर मी चर्चमध्ये यायचं सोडीन.

मी हे सगळं घरी बायकोला, कुसुमला वाचून दाखवलं.

"बर्फावर पडत नाहीत का ते?" तिनं तांदूळ निवडता निवडता विचारलं.

"पडतात."

"मग?"

"उठतात."

"मग तुमच्या कामाचं नाही ते," ती म्हणाली.

तिचं ऐकायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात करार बसला होता. कारण आमचाही एक जण जायच्या वाटेवर होता. इम्तियाज, आमचा सेंटर फॉरवर्ड. कारखान्यात फिटर. रोज खडकीहून सायकलीनं यायचा. मागच्या मोसमात आमचे चौदा गोल झाले, त्यातले अकरा त्याचे. त्याला खडकीच्याच एका वर्कशॉपची टीम ओढत होती, आणि ही बातमी पिंपरीच्या बाजारात मीरासाहेबांच्या सायकलच्या दुकानापर्यंत पोचली होती. तिथून बातमी पोचत नाही, असं ठिकाण नव्हतं. भाजीवाल्या अंबुबाईंनी जन्मात हॉकी पाहिली नव्हती. त्यासुद्धा मेथीची जुडी हातात देताना म्हणाल्या, "सेक्रेटरी, त्यो इम्तियाज चालला म्हनं. तुमी काय करताय मग?"

मी इम्तियाजला कँटीनमध्ये गाठलं आणि कॅनडाच्या थाटात विचारलं, "तुझ्या अटी सांग."

"अटी कसल्या, उद्धवराव," तो म्हणाला. "अम्मीला दमा आहे. खडकीच्या खोलीत भिंतींना ओल येते. पावसाळाभर ती बसून झोप काढते. तिला एक कोरडी खोली मिळाली, तर मी कुठं जात नाही."

त्यानं ते असं सांगितलं, की मी चहाचा कप खाली ठेवला.

क्वार्टर्सची नवी ओळ दिवाळीपर्यंत तयार होणार होती. आमचे वेल्फेअर ऑफिसर नानासाहेब म्हणाले, "त्यातली पहिली द्या लिहून." मी लिहायला बसलो. असलं पत्र मी पूर्वी कधी टाईप केलं नव्हतं, म्हणून नमुन्यासाठी मला मिळालेलं क्वार्टरचं पत्र शेजारी ठेवलं. मी दोन बोटांनी टाईप करतो. (तिसरं बोट वापरलं की पहिल्या दोघांचा गोंधळ होतो.) नाव बदललं. हुद्दा बदलला. "दोन वर्षं कंपनीच्याच टीमकडून खेळेन" हे वाक्य माझ्या मनानं घातलं आणि त्यावर इतका खूष झालो, की पुढचं सगळं जसंच्या तसं उतरवलं. नानासाहेबांनी फोनवर बोलता बोलता सही केली. इम्तियाजनं सही केली. पिंपरीत दोन दिवस मला रामराम मिळाले.

रविवारी सकाळी मी दाढी करत होतो. अर्धी झाली होती.

"अहो," कुसुम दारातून म्हणाली, "आपल्याकडं कुणीतरी राहायला आलंय."

"कोण?"

"टांगा आहे, ट्रंक आहे, गादीची वळकटी आहे. आणि कागद आहे. कागद तुमचाच दिसतो. चार ठिकाणी खाडाखोड आहे."

मी बाहेर गेलो. टांग्यात इम्तियाजची आई रोशनबी बसली होती, आणि सायकल धरून इम्तियाज आमच्या दारावरची पाटी वाचत होता. मी कागद पाहिला. क्वार्टर नंबर बी-सतरा. ताबा ताबडतोब.

"ही तर तुमची क्वार्टर," इम्तियाज म्हणाला.

"हो."

"मग तुम्ही कुठं चाललात?"

एव्हाना माणसं जमली होती. शेजारचे दौलतराव आमच्या टीमचे फुलबॅक. ते भारावून म्हणाले, "उद्धवराव, टीमसाठी कुणी स्वतःचं घर देतं का हो. मानलं तुम्हाला."

मी खुलासा केला की, ही टायपिंगची चूक आहे.

"म्हणजे चूक दुरुस्त केली की इम्तियाज खडकीला जाणार?" दौलतरावांनी विचारलं.

"क्लार्क मिळतात," मीरासाहेब शांतपणे म्हणाले. ते टांग्यामागून मुद्दाम आले होते. "सेंटर फॉरवर्ड मिळत नाही." त्यांच्या मनात माझ्याविषयी काही वाईट नव्हतं. तेच जास्त लागलं.

इम्तियाज तेवढा माझ्या बाजूचा होता. "चल अम्मी," म्हणत त्यानं वळकटी पुन्हा टांग्यात टाकली. पण रोशनबी उतरून आमच्या पायरीवर टेकली होती, आणि तिला श्वास पुरत नव्हता. खांदे वर-खाली होत होते. कुसुम पाणी घेऊन आली, तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली, आणि जरा वेळानं म्हणाली, "आत चला. आत कोरडं आहे."

मग माझ्याकडं वळून, "बाहेरची खोली त्यांना. आपण आतल्या खोलीत. दिवाळीपर्यंत."

"पण माझी खुर्ची..."

"तुम्ही आधी साबण पुसा."

सोमवारी मी नानासाहेबांकडं गेलो. ते म्हणाले, "पत्र बदलायचं तर मुंबई ऑफिसला कळवावं लागेल. मग मी न वाचता सही करतो, हेही त्यांना कळेल. तुम्ही जरा ॲडजस्ट करा."

मी ॲडजस्ट झालो. एका मोरीपुढं सकाळी चौघांची रांग लागे, त्यात माझा नंबर चौथा. संध्याकाळी टीमचे चाहते इम्तियाजची तब्येत पाहायला येत. कुणी दूध आणी, कुणी अंडी. एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, की तुमच्या घोरण्यानं इम्तियाजची झोपमोड होत असेल, तर तुम्ही कूस बदलत जा. रोशनबी आणि कुसुम आतल्या खोलीत तांदूळ निवडत हसत बसायच्या. मी आत गेलो की थांबायच्या. (विषय काय असावा, याचा मी फार विचार केला नाही.)

पंधरा दिवसांनी इम्तियाज मशीन पुसता पुसता मला म्हणाला, "काल अम्मी आडवी झोपली. भर पावसाळ्यात. दोन वर्षांनी." त्यानंतर मी जवळजवळ दीड दिवस कुरकुर केली नाही.

दिवाळी झाली. नव्या ओळीवर पत्रे चढले नव्हते. मोसमाचा पहिला सामना खडकीच्या त्या वर्कशॉपशीच लागला. इम्तियाजनं दोन गोल केले, आणि आम्ही दोन-शून्य जिंकलो. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि ताशा वाजवत थेट क्वार्टरवर आणलं. दार उघडं असावं म्हणून मी पुढं धावलो आणि चौकटीत धापा टाकत उभा राहिलो.

गावठाणातले मालोजी हार घेऊन सगळ्यांच्या पुढं होते. "बाजूला व्हा की पावणं," ते मला म्हणाले. "इम्तियाजच्या दारात आडवं का हुबं ऱ्हायलाय?"

"मी इथंच राहतो."

त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. "इम्तियाजच्या घरात?"

आता यांना करार, बर्फ, टाईपरायटर, सगळं पहिल्यापासून सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं, पण दम नव्हता. मदतीसाठी मागं कुसुमकडं पाहिलं. ती आणि रोशनबी पेढ्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या.

"हो बाबा," कुसुम म्हणाली, "पोटभाडेकरू आहेत. पण त्यांचा काही त्रास नसतो."