केसोपंतांची मोरी

एका जंगलात, बाळांनो, पाणी भरपूर होतं. फक्त अस्वलांच्या एका घरातल्या मोरीतून ते जात नव्हतं.

घर केसोपंतांचं. केसोपंत म्हणजे मोठं प्रस्थ. त्यांची अंघोळ घंगाळभर कढत पाण्याची, अंगाला शिकेकाई चोळून. अंघोळ झाली की मोरीत तळं साचायचं. मग केसोपंत ओल्या अंगानं ओसरीवर येऊन सगळ्यांना गोळा करायचे आणि विचारायचे, हे कोणाचे केस?

आता घरातली सगळीच अस्वलं. नखशिखांत केसच केस. पण नाव निघायचं ते एकट्या मोहनाचं. मोहना ही त्यांची सून, घरात सर्वांत नवी. ती येण्याआधी मोरी तुंबत नव्हती का? तुंबत होती की. पण तेव्हा ते केस नणंदेचे होते, आणि ती लग्न होऊन गेली.

मोहनाला ओढ्यावर अंघोळ करायला सांगण्यात आलं. दिवस थंडीचे. घरच्या मोरीत चार तांबे ऊन पाणी अंगावर घ्यावं, एवढंच बिचारीला हवं होतं. तिचा नवरा अनंता म्हणाला, बाबांचं मन मोडू नकोस, जरा जुळवून घे. अनंता स्वतः मोरीतच अंघोळ करायचा.

मोरी तुंबतच राहिली. केसोपंतांनी खूप विचार केला आणि सांगितलं, सूनबाईचे केस वाऱ्यानं उडून येतात. झालं, मोहनाची रवानगी माहेरी.

ती गेली आणि मोरी पुन्हा तुंबली. केसोपंत डगमगले नाहीत. जाताना ठेवून गेली असेल, म्हणाले. पण आता वेगळीच पंचाईत झाली. मोरीत हात घालायला घरात कोणी उरलं नव्हतं. सासूबाईंना किळस यायची, अनंताची कंबर धरायची. तेव्हा सून मोठ्या मानानं परत आणली.

मोहनानं खांद्यापर्यंत हात घालून केसांचा बोळा ओढून काढला. बोळा पांढरा होता. मोहनाचा एकही केस पिकलेला नव्हता.

मोरीच्या भोकावरची जाळी बाजूला सरकलेली होती, ती तिनं पुन्हा बसवली. दुसऱ्या दिवशी जाळीवर केस अडकून पाणी जरा रेंगाळलं. केसोपंत पाय धूत होते. त्यांनी सवयीनं पायाच्या अंगठ्यानं जाळी बाजूला सारली. गुडगुड करत पाणी आत गेलं, पाण्याबरोबर केसही गेले. मोहना दारात उभी राहून बघत होती.

"मामंजी," ती म्हणाली, "तुम्ही जाळी सारता, म्हणून केस आत जातात. मोरी त्यानंच तुंबते."

"पाणी जावं म्हणून सारतो. गेलं ना पाणी?"

"आणि हा बोळा?"

केसोपंतांनी बोळा पाहिला. सासूबाई आढ्याकडे बघू लागल्या.

"फार काळजी करतेस, सूनबाई," केसोपंत मायेनं म्हणाले. "या वयात केस पिकले बघ तुझे."

मोहनाचं डोकं सणकलं. पण भांडून काय होणार? तिनं झाडाची लाख आणली, वितळवली आणि जाळी पक्की चिकटवून टाकली.

त्या दिवसापासून मोरी तुंबेना. पण ज्याचे केस त्याला जाळीवरून उचलावे लागत. केसोपंतांची अंघोळ झाली की तिथं पांढरा ढीग दिसायचा, आल्यागेल्यालासुद्धा. घरातलं बोलणं आटलं. जेवताना कोणी ताटावरून नजर उचलेना. सून आली आणि घराची शांती गेली, असं सासूबाई शेजारी सांगून आल्या.

शेवटी अनंतानं वरवंटा घालून जाळी फोडली. लवकरच मोरी तुंबली. कितीतरी दिवसांनी केसोपंतांच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते ओसरीवर आले, सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाले, "हे कोणाचे केस?"

पंचा खांद्यावर टाकून मोहना ओढ्याकडे निघाली. ओढ्याचं पाणी गार होतं, पण वाहत होतं. ती परत आलीच नाही.

केसोपंत सध्या अनंतासाठी दुसरी मुलगी बघताहेत. रूपाचा आग्रह नाही. हात तेवढे लांब हवेत.

तात्पर्य : मोरी तुंबली तर कारण शोधत बसू नये, घरात सर्वांत नवं कोण आलंय ते बघावं. आणि जाळी कधीही पक्की बसवू नये. ती बसवली की ज्याचे केस त्यालाच दिसतात, आणि एवढं दुःख कोणत्याही चांगल्या घराला सोसवत नाही.