शेवट कोणी सांगू नये

"काका, पुस्तक न्या, पण त्या म्हाताऱ्या वकिलावर भरवसा नोका ठेवू," असं म्हणत अनघाने कादंबरी सदाशिवरावांच्या हातात दिली आणि निम्मी मजा तिथेच गेली. अनघा दिग्रसच्या वाचनालयाची ग्रंथपाल. पोरगी मनाने सोन्यासारखी, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

कादंबरी कोर्टकचेरीची होती. ऐन साक्षीच्या आदल्या दिवशी एका वकीलबाईचा सख्खा भाऊ नाहीसा होतो आणि पुढे पुस्तकभर त्याची शोधाशोध. सदाशिवराव तालुक्याच्या कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पहिला अभिप्राय बायकोला ऐकवला, "सुचित्रा, तारीख पडत नाई, वकील बिमार होत नाई, साहेब सुटीवर जात नाई. कुठलं कोर्ट हाय हे?" पण पुस्तक हातातून सुटेना. भाऊ सापडतो की नाही, एवढंच त्यांना हवं होतं, आणि तेही स्वतः वाचून. साठी उलटलेल्या माणसाने याहून कमी काय मागावं?

पण गावाला ते मंजूर नव्हतं. त्या सालांत कापसाला भाव नव्हता, जिनिंगचे भोंगे मुके, दुकानांत गिऱ्हाईक नाही. मग अख्खा बाजार वाचत बसला होता आणि जो वाचे त्याला मत होतं. पुस्तकाच्या समासातसुद्धा मतं होती. एकाने पेन्सिलीने लिहिलेलं, 'हा खोटं बोलतो.' त्याखाली दुसऱ्याने लिहिलेलं, 'नाही, खरं बोलतो, पुढे कळेल.' सदाशिवराव समासावर तळहात ठेवून वाचू लागले.

औषधाच्या दुकानात नयनने ब्लडप्रेशरच्या गोळ्या काढता काढता विचारलं, "काका, कुठवर आले? तो ड्रायव्हर आला का?"

"नयन, गोळ्या दे."

"देतो ना. पन ड्रायव्हरकडे लक्ष ठेवजा. तोच तर..."

सदाशिवराव गोळ्या न घेताच दुकानाची पायरी उतरले.

घरी तर घातच झाला. म्हणजे सदाशिवराव दुपारी झोपले आणि तेवढ्यात सुचित्राबाईंनी पुस्तक संपवलं. "म्या काई सांगनार नाई," असं त्या म्हणाल्या आणि शब्दाला जागल्याही. फक्त नवऱ्याने पान उलटलं की त्या उसासा टाकत.

"उसासे कायले टाकून राह्यली?"

"आता श्वासबी घेऊ नोको का बाप्पा?"

"उसाशातून सगळं सांगून राह्यली तू!"

माणूस दमणार तरी किती! दुसऱ्या दिवशी सकाळी सदाशिवरावांनी पुस्तक पिशवीत घातलं, मोबाइल उशीखाली ठेवला, कारण त्याचा नंबर नयनकडे होता, आणि कोणाला काही न सांगता शेत गाठलं. शेवटची थोडीच पानं राहिली होती.

शेतात विहीर होती, तीही धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर. अर्धी त्यांची, अर्धी धाकट्या भावाची, घनश्यामची. पाण्याच्या पाळीवरून दोघांत जुंपली आणि केस थेट सदाशिवरावांच्याच कोर्टात जाऊन बसली. त्या केसला तारखा भरपूर पडत होत्या. बोलणं कित्येक वर्षांत नव्हतं. आळी एक, पण एक येताना दिसला की दुसरा घरात वळे.

सदाशिवरावांनी विहिरीवर पाय धुतले, ओल्या चपला काठावर उन्हात ठेवल्या आणि अनवाणीच जाऊन ते राखणीच्या मचाणावर चढले. समोर पोत्याचा पडदा ओढला. अहाहा! एक माणूस नाही, एक मत नाही.

आता चुकलं ते इथे. आमच्या भागात तेव्हा शेतात एकटं बसायची सोयच उरली नव्हती. कोणी झाडाखाली गप्प बसलेला दिसला, की चार जण कामं टाकून शेजारी येऊन बसत आणि उगाच पावसापाण्याचं विचारत. आणि हा शहाणा विहिरीच्या काठावर चपला सोडून गुडूप झाला होता.

गवताला आलेल्या सुखीबाईला चपला दिसल्या, माणूस दिसला नाही.

"बापू! ओ बापू! कुठी हाय जी?"

सदाशिवरावांनी ऐकलं. पण पुस्तकात उलटतपासणी चालू होती. आता ओ दिली की गप्पा लागतील, या भीतीने ते गप्प राहिले. सुखीबाई हातातला विळा टाकून गावाकडे पळत सुटली.

थोड्या वेळाने धुऱ्यावर गलका झाला. त्यातला एक आवाज त्यांनी बरोबर ओळखला. "काका! ओ काका!"

'नयन! काय चिवट पोट्टा हाय. शेवट सांगायले शेतात आला!' सदाशिवरावांनी पोतं डोक्यावर ओढलं आणि दोन्ही कानांत बोटं घातली. हाका वाढत गेल्या. ते जास्तच अंग चोरून बसले.

मग विहिरीत धप्पकन काहीतरी पडलं. ते मात्र कानांत बोटं असूनही ऐकू आलं. त्यांनी पोतं बाजूला सारून पाहिलं. विहिरीभोवती अर्धी आळी उभी होती. अनघा होती, नयन होता, सुचित्राबाई सुखीबाईच्या गळ्यात पडून रडत होत्या. आणि विहिरीतून आवाज येत होता, "खाली नाई गावला. आनखी एक डाव जातो!"

"नोका जाऊ भाऊजी, तुमीबी जासान!" सुचित्राबाई ओरडल्या.

"जातो म्हनलं ना वैनी! माहा भाऊ हाय तो!"

सदाशिवरावांच्या हातातलं पुस्तक मिटलं. "घनश्या!" ते मचाणावरून ओरडले, "अबे पौषाचं पानी हाय! वर ये!"

सगळ्या माना मचाणाकडे वळल्या. घनश्यामला दोघांनी दोर लावून वर काढलं. कुडकुडत त्याने विचारलं, "तू तथी काय करून राह्यला?"

"वाचून राह्यलो."

"वाचून?" घनश्याम पुढे बरंच काही बोलणार होता, सगळं तोंडावर आलंही होतं. पण ते बाहेर पडायच्या आधीच तो काठावर बसून हमसून हमसून रडू लागला.

सुचित्राबाईंनी मात्र नवऱ्याला सोडलं नाही. "विहिरीपाशी चपला काहून काढल्या? दिवस कसे चालू हायेत, समजते ना तुमाले?" सदाशिवराव मान खाली घालून खाली उतरले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"काका, मले वाटलं पुस्तकाचा शेवट वाचून तुमी..." नयनने तोंड उघडलं, तशी अनघाने त्याला दंडाला धरून ओढत नेलं. हळूहळू माणसं पांगली.

धुऱ्यावर सुचित्राबाई आणि दोघे भाऊ राहिले. घनश्यामच्या अंगावर सदाशिवरावांची शाल होती आणि तरी त्याचे दात वाजत होते. पायांत बाभळीचे काटे भरले होते. तो घरून अनवाणीच पळत आला होता. सदाशिवराव त्याचा पाय मांडीवर घेऊन काटे काढू लागले.

"कायचं पुस्तक हाय?" शेवटी घनश्यामने विचारलं.

"एका बाईचा भाऊ हरवते. ते त्याले धुंडत राह्यते."

"मंग? सापडते का?"

सदाशिवरावांची शेवटची पानं अजून वाचायची राहिली होती. त्यांनी भावाच्या निळ्या पडलेल्या ओठांकडे पाहिलं.

"सापडते," ते म्हणाले.

"मंग बरं हाय," घनश्याम म्हणाला आणि त्याने दुसरा पाय पुढे केला.

सुचित्राबाई जवळच दिराचा ओला सदरा पिळत होत्या. कादंबरीचा खरा शेवट त्यांना माहीत होता. सवयीने त्यांनी तोंड उघडलं, दोघांकडे पाहिलं आणि गुपचूप सदरा तुरीवर वाळत घातला.