होयबा

गाडी छोटी, नवी आणि बिनक्लचची होती. गिअर तिची तीच बदलत असे, पण बदलण्याआधी जरा विचार करी. तो विचार चालू असताना आत बसलेल्यांच्या माना पुढे जात आणि निर्णय झाला की मागे येत. बाहेरून बघणाऱ्याला वाटे, या कुटुंबात कमालीचं एकमत आहे. बायकोने गाडीचं नाव 'होयबा' ठेवलं होतं.

नावापर्यंत ठीक होतं. पण दुसरा गिअर नेमका कधी पडतो हे तिला लवकरच पाठ झालं. सिग्नल सुटला की ती सहज विचारी, "बाहेरच्या खोलीला पिवळाच रंग देऊया ना?" गाडी अडखळे, नवऱ्याची मान हले आणि दुसऱ्या दिवशी रंगारी दारात हजर. अशाच एका चढावर घरात नवे पडदे आले आणि एका वळणावर तिच्या मावसबहिणीचं मांजर आलं, ते राहिलंच. नवरा कुरकुरला की ती म्हणे, "तू मान डोलावलीस. मी डोळ्यांनी पाहिलं."

हे सगळं त्याने सोसलं, कारण मागची छोटी खोली अजून त्याची होती. तिथे तो लाकडाची जहाजं बनवायचा. पुरं एकही झालं नव्हतं, पण दार लावून बसता येत होतं. आणि आता बायकोने तिच्या वडिलांचा विषय काढला.

सासरे आयुष्यभर कोर्टात लघुलेखक होते. दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेता घेता स्वतः बोलायचं त्यांनी जवळपास सोडूनच दिलं होतं. 'हं' म्हणायचं तरी ते काटकसरीने म्हणत. न्हाणीघरात पाय घसरून पडल्यापासून त्यांना एकटं ठेवणं बरं नव्हतं. त्यांना मागच्या खोलीत राहायला बोलवायचं, आणि डॉक्टरांकडून परत येताना गाडीतच विचारते, असं बायको म्हणाली, तेव्हा नवरा सावध झाला. सासऱ्यांवर त्याचा राग नव्हता, उलट थोडी मायाच होती. खोलीवर जरा जास्त होती. आणि होयबाच्या पुढच्या सीटवरून कुणालाही नाही म्हणता येत नाही, हे तो अनुभवाने शिकला होता.

तो तडक गॅरेजमध्ये गेला. गिअर झटपट पडतील असं काही करता येईल का, असं त्याने विचारलं.

"गाडीला काही करायचं नाही," मेकॅनिक म्हणाला. "तुम्ही पाय आवरा. गिअर पडायच्या वेळी अ‍ॅक्सिलरेटरवरून जरासा उचलायचा, पडला की पुन्हा द्यायचा. तुम्ही दाबून धरता, म्हणून ती घुटमळते."

ऑफिस सुटल्यावर गोदामांमागच्या रिकाम्या रस्त्यावर त्याने सराव सुरू केला. इंजिनाचा आवाज चढला की पाय उचलायचा, गिअर पडला की टेकवायचा. हळूहळू ते जमलं. कित्येक महिन्यांनी त्याची मान त्याच्या ताब्यात आली.

ठरल्या दिवशी सासरे काठी गुडघ्यांत धरून पुढे बसले, बायको मागे. सिग्नल सुटला आणि तिने वेळ साधली. "बाबा, आता आमच्याकडेच राहायला या. याल ना?"

त्याने पाय उचलला. दुसरा गिअर अलगद पडला, पाठोपाठ तिसराही. सासऱ्यांची मान ताठच्या ताठ. आरशात बायको त्या मानेकडे आशेने बघत होती. त्याला शीळ घालावीशी वाटली, पण त्याने स्वतःला आवरलं.

तेवढ्यात शेजारून कुणीतरी खाकरलं.

"एरवी या गाडीत मान आपली आपण हलते," सासरे म्हणाले, "म्हणून माझं बोलण्यावाचून निभावून जायचं. आज बोलावंच लागणार. लेक म्हणते, या. पण घर तुमचंही आहे. त्या खोलीत तुमची जहाजं असतात, ठाऊक आहे मला. जावईबापू, तुमच्या मनातून असेल तरच येईन. येऊ का?"

लग्न झाल्यापासून एवढे शब्द त्याने त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. नुकताच गतिरोधक ओलांडून गाडी पुन्हा वेग घेत होती, आणि ऐकण्याच्या नादात त्याचा पाय होता तिथेच दाबलेला राहिला. गाडी विचारात पडली. त्याची मान पुढे गेली, मागे आली आणि पुन्हा एकदा पुढे गेली.

"बाबा, बघितलंत?" बायको मागून पुढे वाकली. या खेपेला तिने वेळ साधली नव्हती.

"बघितलं," सासरे म्हणाले. "इतक्या मनापासून मला आजवर कुणी हो म्हटलं नव्हतं."

गिअरबॉक्स कसा चालतो हे समजावून सांगण्यासाठी त्याने तोंड उघडलं. मग शेजारी सासऱ्यांचा खुललेला चेहरा दिसला आणि त्याने तोंड मिटलं. त्याला स्वतःची थोडी लाज वाटली, आणि खोलीसाठी वाईटही वाटलं.

आता पाय उचलण्यात काही अर्थ नव्हता. पुढच्या सिग्नलला थांबेपर्यंत सासऱ्यांना चांगलाच कंठ फुटला होता. जहाजं दोघं मिळून पुरी करू, म्हणाले. वर आपल्याला कोर्टातले जुने खटले अजून तोंडपाठ आहेत, हेही सांगितलं.

"आणि रोज पहाटे फिरायला जाऊ. सगळे खटले पहिल्यापासून सांगीन. तुम्हाला पहाटे उठायला आवडतं ना?"

सिग्नल सुटला, आणि गाडीने दुसरा गिअर टाकला.