दसरूभाऊचा घोडा

दसरूभाऊच्या घरी जायचं असलं का आधी वहाणा काढायच्या, मंग श्वास आवरायचा, मंग चवड्यावर आत जायचं. देऊळ नोयतं ते. ओसरीत विजेचा मीटर होता.

भाऊ गोंदियाच्या धानाच्या मिलमधे इंजनावर, अन् मी तिथंच पोती वाहणारा मंगरू. शाळेचं तोंड मी पाह्यलं नाई, म्हणून विजेबद्दल कोणी काहीबी सांगितलं का मले पटे. त्याच्या घरी गेलो त्या पहिल्या दिवशी भाऊ म्हणे, "बल्ब इझव." मी स्टुलावर चढलो अन् फुंकर मारली. इझेना. अजून जवळ जाऊन फुंकलो, तं ओठ भाजला. भाऊ हसलाबी नाई. त्याचं ध्यान मीटरात.

मीटराच्या काचेमागं एक चाक फिरे, त्याले लाल खूण. भाऊ सांजच्याले समोर बाज टाकून बसे अन् चाकाच्या चालीवरून वीज किती चालली ते सांगे. एक बल्ब लागला असला का "बैल चालला." जास्त लागले का "घोडा! घोडा सुटला! सैपाकघरातला कोणं लावला बे?" म्हणत आत धावे. घरात तो एकटाच. लावणाराबी तोच.

मले म्हणे, "तू धपधप चालतं ना मंगरू, म्हणून चाक जोरानं फिरते."

मले पटलं. तवापासून मी चवड्यावर. घरीबी तीच सवय लागली. बायको म्हणे, "काऊन चोरावानी चालून राह्यले?"

एक दिवस मी म्हणलं, "एवढा जीव जाते तं वीज घेतली कायले भाऊ?"

"वेणूच्या मांडवात बल्ब पाह्यजे होता." वेणू म्हणजे त्याची एकुलती एक पोरगी. माय लहानपणीच गेली, भाऊनंच वाढवली, अन् सौंदडले दिली. "दिवाळीले येईन ते. तवा सारं घर लावीन. तिच्यासाठीच वाचवून राह्यलो."

वाचवलेली वीज ठेवते कुठं हा? भाऊ पाणी आणाले गेला तसा मी मीटराच्या मागं बोटं घालून पाह्यली. तिथंच होती. भाऊ परत आला तं मी अंगणात उताणा.

दिवाळीले वेणू आली नाई. धान कापणीवर आलं होतं, सासूनं सोडलं नाई. भाऊ सांजच्याले नुसता बैल पाहत बसे.

मंग लग्नसराईत निरोप आला. सासरचे सारे बालाघाटकडं लग्नाले चालले, वेणू संगं. गोंदियाले गाडी बदलून लगेच पुढं, घरी यायले वेळ नाई. "बाबा, ठेसनावर येऊ नोका. सगळ्यायसमोर मले रडू येईन. खिडकीतून घर पाहीन." भाऊचं घर त्याच रुळाले लागून होतं.

दिवेलागणीले भाऊनं घरातले सारे बल्ब लावले. मांडवातला मोठा बल्ब दारावर टांगला. चाक असं सुटलं का लाल खूणच दिसेना. मी बोंबललो, "भाऊ, घोडा!"

भाऊ मीटराकडं पाठ करून अंगणात उभा.

गाडी आली. एका खिडकीतून बांगड्याचा हात हालला. भाऊनं खांद्यावरचा दुपट्टा हालवला, मागचा डबा जायेपर्यंत हालवला.

मी श्वास आवरला अन् चवड्यावर, बल्ब इझवाले आत निघालो.

"थांब," भाऊ म्हणे. "पुढं गाडी वळते. तिथून घर अजून दिसते."

मी तसाच एका पायावर.

"अन् मंगरू," भाऊ रुळाकडंच पाहत म्हणे, "आज धपधप चाल ना बे."