कोतवाल सुभानजी उपाशी निघोन जातात त्याची हकीकत

श्रीगणराय साक्ष. शके एकोणीसशे बारा, प्रमोदनाम संवत्सरे, एका राज्याचे पश्चिम सरहद्देस जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव पुसो नये. पुसिल्यास मिळणार नाही. सरहद्देस कसबा वाघोशी म्हणोन गुरांचे बाजाराचे गाव. तेथे पूर्वी सुभानजी इंगळे कोतवाल होते, मोठे नेमबाज. त्यांणी कोंडवाड्यामागे दरोडेखोरांशी पिस्तुलांची लढाई दिधली आणि एकटे जिंकिले, आणि दंडास गोळी घासोन गेली ती जखम खानावळवाल्या तान्हाबाईंनी बांधिली. बाई विधवा, वय तिशीचे, जीभ तिखट. बोलिल्या, "आता जेवून जा. रिकाम्या पोटी कसली आलीय कोतवाली?" कोतवाल जेवले, दुसरे दिवशी पुन्हा आले, आणि मग येतच राहिले. गावात कुजबुज वाढली तेव्हा त्यांणी बाईंशी पाट लाविला. पाट म्हणजे विधवेचे लग्न. त्यास वाजंत्री नाही, मंगलाष्टके नाहीत, चार माणसे आणि अंधार, ऐसा रिवाज. परंतु संसार भर उजेडात केला आणि सुखाचा केला. कोतवाल म्हातारपणी वारले ते बाईंचे मांडीवर डोके ठेवोन वारले.

मग काही वर्षांनी चित्रपेटीचे लोकांनी कोतवालांवर मालिका काढिली. पैका साबणवाले सावकाराचा. सावकार बोलिले, "नायकाला बायको नको. बायको आली की संपलं सगळं. दर आठवड्याला नवी नायिका पाहिजे." मग पेटीतले कोतवाल ब्रह्मचारी जाहले, आणि एके रविवारी सावकारकन्येवर भाळले, पुढले रविवारी नाचणारणीवर, आणि मग मास्तरीणबाईवर, आणि प्रत्येकीस रडत ठेवोन घोड्यावर बसोन मावळतीकडे निघोन गेले. दरवेळी मावळतीकडेच का, ते घोडा जाणे. तान्हाबाईंची मात्र मावशी केली. पांढरे केस, हाती भाकरी, मुखी एकच बोल, "जेवून जा." त्यावर कोतवाल म्हणत, "मावशी, भाकरी थांबेल, कर्तव्य थांबत नाही!" आणि टाच मारीत. लेकरे गल्लीबोळात हेच ओरडत फिरो लागली.

बाईंचा तिळपापड जाहला. म्हणाल्या, "त्या भवान्या राहू द्या, त्यांचं पोट आहे. पण मला मावशी म्हणतो मेला! आणि उपाशी जातो? माझा माणूस एक दिवस उपाशी उंबऱ्याबाहेर पडला नाही!" गाव हसला. जुनी माणसे बहुतेक गेलेली, नव्यांनी कोतवाल पाहिले ते पेटीतच. गावात नवी आलेली एक सून सहज पुसती जाहली, "खरं सांगा तान्हाकाकू, तुम्ही त्यांच्याकडे स्वयंपाकाला होता ना?" ते बाईंचे काळजास लागले. त्या दिवशी त्यांणी चूल पेटविली नाही.

इतक्यात पाटील देवराव यांणी कोतवालांचे स्मरणार्थ दगडी छत्री, म्हणजे समाधीवरची घुमटी, बांधिली. छत्रीवर पहिला दिवा वीराचे घरच्या बायकोने लावावा, ऐसा मुलकाचा रिवाज. पाटलांनी त्या मानासाठी मालिकेतली मास्तरीणबाई जाहलेली नटी बोलाविली, आणि संगे नायकही. बाई तडक चावडीवर गेल्या.

"पाटील, दिवा मी लावणार."

"बाई, तुमचा मान आहेच हो. पण लोकांनी पेटीत पाहिलंय, त्यांना काय सांगू? तुमच्या पाटाला साक्षीला होतं कोण?"

"तुमचा बाप होता."

"ते तर वारले."

"मग माझं लग्नही वारलं का?"

पाटलांनी खाली पाहिले. मग म्हणाले, "तुम्ही आपलं पाहुण्यांच्या जेवणाचं बघा." बाई परतल्या आणि चुलीस लागल्या. धन्यांचा दिवस, त्या दिवशी पाहुणा उपाशी कसा ठेवावा?

नेमल्या दिवशी पाहुण्यांची मोटार घाटात बिघडली आणि मंडळी दुपार कलल्यावर पोहोचली. नायक कोतवालांचेच पोशाखात, पागोटे तैसेच तिरपे, मिशी डिंकाने चिकटविलेली. बाई पिठले-भाकरीचे ताट घेवोन मांडवात आल्या, ते पागोटे पाहोन त्यांचे काळजात लक्क जाहले आणि तोंडून आपसूक निघाले, "जेवून जा." लोकांनी टाळ्या पिटिल्या. लेकरे ओरडली, "भाकरी थांबेल!" आणि पुढला बोल ऐकावयास सारा मांडव कान देवोन राहिला. परंतु नायकाचे नाकी पिठल्याचा वास गेला. तो बोलिला, "कर्तव्य थांबू द्या हो. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही." आणि मांडी घालोन बसला आणि जेवो लागला. पेटीतले कोतवाल भाकरी मोडितात, हे गावाने कधी पाहिले नव्हते. बाईंनी न पुसता वाढिले. नायकाने तोंड पुशीत पाटलांस विचारिले, "इतक्या मायेनं वाढतात, या कोतवालांच्या मंडळी का?"

पाटलांस घाम फुटला. बापाचे साक्षीने जे पटले नाही ते नटाचे जेवण्याने पटले, आणि ते हळूच बोलिले, "होय. मंडळीच." मग नटी उठली, दिव्याचे तबक बाईंचे हाती दिधले आणि म्हणाली, "काकू, हे तुमचं." बाईंनी दिवा लाविला, मांडवातली वाजंत्री वाजो लागली, आणि बाई सर्वांदेखत रडल्या, रडे आवरिले नाही. छत्रीस म्हणाल्या, "धनी, वाजंत्री राहिली होती, ती आज वाजली बघा."

सारांश इतकाच की मालिका अद्याप चालू आहे. साबण खपतो आहे, आणि कोतवाल दर रविवारी उपाशीच निघोन जातात. ते टाच मारणार, इतक्यात तान्हाबाई उठोन पेटी बंद करितात आणि धन्यांचे पान वाढावयास घेतात.